जोर कुठे लावायचा

मी घरी बसून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळीआधी एखादा अंक. जुन्या कॉम्प्युटरवर शंभर पानांची फाइल उघडायला टाकायची आणि तेवढ्यात कुकर लावून यायचं, अशी सवयच झाली होती. २०२३ च्या पावसाळ्यात त्याने मान टाकली. नवा घ्यायचा तर स्वतः जोडायचा, असं तेव्हाच मनाशी ठरवलं.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, असेंबल करून देतो ना, त्याचे पैसे नाही लागणार." मी नको म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी घेतला, कारण त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं; पत्रिका करणाऱ्या बाईला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंय कशाला? सगळे भाग ज्यावर बसतात तो बी५५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, फाइली साठवायला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, वीज पुरवणारा ५५० वॉटचा एसएमपीएस, कॅबिनेट. जीएसटीसकट ३८ हजारांच्या आसपास. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेतला. वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो.

रविवारी जेवणं झाल्यावर डायनिंग टेबल पुसून घेतलं. मुलगी मोबाइलचा टॉर्च धरून उभी.

प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना. एक वाकली तरी संपलं, हे इतक्यांदा ऐकलं होतं की हात गार पडले. पण तिथे करायचं काहीच नसतं. सॉकेटची दांडी वर करायची, कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचं. तो आपोआप खाली बसतो. दाबायचं अजिबात नाही.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरने मात्र घाम फोडला. बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या काढायच्या होत्या. चौथा स्क्रू सुटला आणि बोर्डामागची धातूची पट्टी खाडकन टेबलावर पडली. मला वाटलं, काहीतरी तुटलं. तुटलं नव्हतं, त्याच स्क्रूंवर ती धरलेली असते. मुलीने मागून ती दाबून धरली, मी वरून कूलर बसवला. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे पिळायचे. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट कूलरला आधीच लावलेली होती, बोट लागू नये एवढंच सांभाळलं.

बोर्ड कॅबिनेटमध्ये घट्ट बसवल्यावर मागच्या बाजूची पत्र्याची चौकट खोक्यातच राहिल्याचं दिसलं. सगळे स्क्रू परत काढले. त्या पत्र्याने बोट कापलं ते वेगळंच.

संध्याकाळी सहाला बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. मुलगी गप्प. मीही. केबल काढून घातली, काही नाही. मग बोर्डाच्या कडेला एक बारीकसा लाल दिवा दिसला, शेजारी अक्षरं डीआरएएम. म्हणजे रॅम. पण ती तर मी नीट बसवली होती, वरची क्लिपसुद्धा लागली होती!

वीज बंद करून वाकून पाहिलं. या बोर्डावर क्लिप फक्त वरच्या टोकाला आहे, आणि खालचं टोक नखभर वर राहिलेलं. प्रोसेसरच्या धास्तीने मी रॅमलाही जपून हात लावला होता, तेच नडलं. दोन्ही काढल्या. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत परत ठेवल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी असा दाब दिला की बोर्ड किंचित लवला.

"आई, मोडेल ना!"

कट्. मग दुसरी, कट्.

या वेळी पंखे फिरले, काही सेकंद काळोख, आणि बायोसचा, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगचा, पडदा आला. १६ जीबी दिसत होती, पण रॅमचा वेग ३२०० ऐवजी २६६६. पूर्ण वेग आपोआप येत नाही, एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू करावं लागतं, तेव्हाच केलं.

विंडोज आणि मराठी फॉन्ट टाकण्यात रात्रीचे अकरा वाजले. समोरचा पॉवरचा दिवा मात्र अजून लागत नाही. त्या इवल्याशा वायरींचं अधिक-उणे उलटं झालंय. बटणाच्या वायरीला उलटसुलट चालतं, दिव्याच्या नाही. पंखा ऐकू येतो, काम अडत नाही. दिवाळीच्या साफसफाईला उघडीन तेव्हा बघू.