वर्गाबाहेरच्या चपला

वॉर्डात दारूचा पेशंट आला की लोकांना वाटतं, दारू बंद केली, सलाईन लावलं, झालं काम. रोज पिणाऱ्याचा खरा धोका दारू थांबल्यावर सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम. घरचे त्याला खाटेला बांधून 'सोडवतात', नाहीतर कुणीतरी दिलेली दारू सोडवायची गोळी न सांगता चहात घालतात. त्या गोळीवर तो प्यायला तर जीव जाऊ शकतो. आणि नवीन सिस्टरना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: ग्लुकोजच्या आधी थायमिन. थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व, आणि या माणसांच्या शरीरात ते बऱ्याचदा फार कमी उरलेलं असतं. त्यावर नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. इमर्जन्सी ट्रेमध्ये थायमिनच्या अँप्युल मी स्वतः मोजते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. दारूचा एक पेशंट आला तेव्हा शेतात सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची पूजा, होऊन वेचणी सुरू झालेली. तिसऱ्या रात्री तो खाटेवर उठून बसला आणि चादरीवरची न दिसणारी बोंडं वेचायला लागला. एकेक बोंड उशीच्या खोळीत भरायचा. बायको त्याचे हात धरायची, तर म्हणायचा, "सोड, पाणी येते वरून, कापूस वला होईन." पहाटे औषध लागू पडलं आणि तो झोपला. खोळ रिकामी होती, पण तोंड त्यानं नीट गाठ मारून बांधलं होतं.

आठव्या दिवशी सुट्टीचा कागद हातात घेऊन तो उभाच राहिला. "सिस्टर, गावच्या फाट्यावर उतरलो का पयले भट्टीच लागते जी. घरी जाऊ कसा?"

नदीपलीकडे वर्ध्यात दारूबंदी, अलीकडे फाट्याफाट्यावर दुकान. १४४४६ हा हेल्पलाइनचा नंबर मी कागदावर लिहून दिला होताच. पण त्याला हवी होती आठवड्याला भेटणारी माणसं, त्याच वाटेनं गेलेली. असा गट मी दोन वर्षं शोधत होते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर यांच्यातून सुरू झालं. दोघंही दारूतून बाहेर आलेले. फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. हे मला माहीत होतं. आमच्या तालुक्यात बैठक कुठे होते, ते माहीत नव्हतं. एका कार्यालयातून दारू सोडवणाऱ्या ठिकाणांची यादी मिळवली तर दोन नंबर बंद, आणि तिसऱ्यावर पेशंट कोण हे विचारायच्या आधी महिन्याचे पैसे सांगितले. अशा याद्या कोण तपासतं, देव जाणे.

त्याच्या सुट्टीच्या दुपारी माझ्या रिपोर्ट बुकात कोऱ्या केसपेपरचा चौकोनी तुकडा सापडला. रविवार, पाच वाजता, तालुक्याच्या एका शाळेचा मागचा वर्ग. खाली नाव नाही.

रविवारी मी त्या नवरा-बायकोबरोबर गेले. दारात एकानं हात जोडले. "सिस्टर, आज बंद बैठक आहे जी. फक्त आमच्यासारख्यांसाठी." तो आत गेला, आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. घरच्यांसाठी अल-अनॉनचे वेगळे गट असतात, पण आमच्याकडे मला एकही सापडलेला नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "याइले आत बोलता येईन का जी? घरात तं कधी बोलले नाई."

समोर अकरा जोड चपला होत्या. त्यातला एक जोड मी ओळखला. तुटलेला अंगठा निळ्या वायरनं बांधलेला. रोज सकाळी मी तो आमच्याच वॉर्डाच्या दारात बघते. (खूण मी इथे मुद्दाम बदलून लिहिली आहे. तो माणूस आमच्याकडे काय काम करतो, तेही लिहिणार नाही.)

मी तिला घेऊन शाळेमागच्या हापशीवर गेले. त्या चपलांच्या माणसानं बाहेर येऊन मला बघू नये, एवढंच तेव्हा सुचलं.

शेवटची एसटी सव्वासहाला, बैठक सुटली साडेसहाला. बैठकीतल्यांचा फोन आला, ते दोन मोटरसायकलींवर आम्हा तिघांना सोडायला तयार होते. मी म्हटलं, या दोघांना न्या, माझी सोय आहे. सोय नव्हती. बहिणीकडे मुक्काम केला.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. दोन वर्षं मी डॉक्टरांना विचारलं, साहेबांना विचारलं, अर्ज केले. आणि त्याच दोन वर्षांत, त्याच वॉर्डात, रात्रपाळीला उलटी पुसायला लागली की माझ्या तोंडून 'बेवडा' हा शब्द कितीदा गेला असेल. त्या चपलांचा माणूस तिथेच उभा असायचा. मला काय म्हणून सांगणार होता? तरी कागद त्यानं ठेवला.

पेशंट सहा रविवार गेला, सातव्याला पिऊन पडला, आठव्याला पुन्हा गेला. बायकोनं फोन करून सांगितलं.

सध्या नऊ नंबरच्या खाटेवर दारूचंच सव्वीस वर्षांचं पोरगं आहे. त्याच्याजवळ जाऊन बसता का, असं त्या चपलांच्या माणसाला विचारायचं रोज माझ्या ओठावर येतं. विचारलं तर मला माहीत आहे हे त्याला कळेल, आणि ते त्यानं मला सांगितलेलं नाही.

काल चादर बदलताना नऊ नंबरच्या उशाखाली केसपेपरचा चौकोनी तुकडा होता. नवी चादर घातली आणि तो होता तसाच परत ठेवला.