सँटा बार्बराला सामना बघायला जाताय? मग हे वाचून जा

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात इकडे येणाऱ्या फुटबॉलवेड्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. एमएलएसची (इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगची) महागडी तिकिटं काढण्याआधी एकदा कॉलेजचा सामना बघा. आणि एकच बघणार असाल, तर सँटा बार्बराच्या हार्डर स्टेडियमवर गाउचोज (इथल्या विद्यापीठाचा संघ) विरुद्ध कॅल पॉली (सॅन लुइस ओबिस्पोचं विद्यापीठ) हाच बघा. मी, बायको आणि शाळेच्या संघात बचावफळीत खेळणारी आमची लेक असे तिघं ऑक्टोबरात सॅन होजेहून निघालो आणि जाता-येता तीन कॉलेजांची मैदानं पाहून आलो. त्यातलं हार्डर स्टेडियम अजून डोक्यातून जात नाही.

सुरुवात घराजवळच्या स्टॅनफर्डपासून केली. गुरुवार संध्याकाळ, मुलींचा सामना. इथलं केगन स्टेडियम जेमतेम तीन हजार लोकांचं, पण जवळून खेळ बघायला याच्यासारखी जागा नाही. गोलकीपर बचावफळीला ओरडून काय सांगतेय ते शब्दन् शब्द ऐकू येतं. आमच्या लेकीचं सगळं लक्ष तिकडेच होतं. चेंडू समोरच्या टोकाला असतानाही दोन्ही सेंटर-बॅक सतत मान वळवून पाठीमागे बघत होत्या, ते तिनेच मला दाखवलं. सॅन होजेत वाढलेली नेओमी गिर्मा याच मैदानावर खेळली, २०१९ साली स्टॅनफर्डच्या विजेत्या संघात होती, आणि २०२५च्या जानेवारीत चेल्सीने तिला दहा लाख डॉलरहून जास्त मोजून घेतलं. महिला फुटबॉलमध्ये एका खेळाडूसाठी एवढी रक्कम त्याआधी कुणी मोजली नव्हती. मुलीला घेऊन जायचं तर अशाच ठिकाणी न्यावं. गाडी काढायचीही गरज नाही. कॅलट्रेनने पालो आल्टोला उतरा, तिथून विद्यापीठाची मार्गरिट नावाची फुकट बस मिळते. परतीची बस किती वाजेपर्यंत आहे, तेवढं मात्र आधी बघून ठेवा.

पहिल्यांदाच कॉलेजचा सामना बघणाऱ्याला घड्याळ बुचकळ्यात टाकतं. इथे ते पंचेचाळीसवरून शून्याकडे उलटं धावतं, आणि फलकावर दिसतं तीच खरी वेळ. पंचांच्या मनगटावरची वेगळी वेळ नाही, ‘इंज्युरी टाइम’ नाही. पंचांनी खूण केली की घड्याळ थांबतं. शेवटची दहा सेकंदं अख्खं मैदान एका सुरात उलटे आकडे मोजतं आणि भोंगा वाजतो. बदली खेळाडूंचे नियमही सैल आहेत, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, त्यामुळे खेळाचा वेग शेवटपर्यंत उतरत नाही. २०२२पासून साखळी सामन्यांतला जादा वेळ बंद झाला, बरोबरी म्हणजे बरोबरी. मला हा बदल पटला. आधी अचानक एका गोलावर सामना संपायचा, ते थरारक असायचं खरं, पण थकलेल्या पोरांवर अन्याय व्हायचा.

शनिवारी सकाळी १०१ क्रमांकाचा महामार्ग धरला. सॅन होजे ते सँटा बार्बरा जवळपास तीनशे मैल, न थांबता पाच तास. दुपारी तीनच्या आत पोहोचायचं ठरवून निघा, कारण संध्याकाळी शहराजवळ गर्दी होते. मुक्कामाला सँटा बार्बराच्या गावठाणात न जाता अलीकडे गोलेटाला उतरा. हॉलिस्टर अव्हेन्यूच्या आसपासची मोटेलं स्वस्त पडतात आणि मैदान दहा मिनिटांवर.

आता हार्डर. क्षमता १७,०००. कॉलेज फुटबॉलला एवढं मोठं मैदान कुठून मिळालं? ते १९६६ साली बांधलं अमेरिकन फुटबॉलसाठी. विद्यापीठाने तो संघ आधी १९७१ला बंद केला, मग पुन्हा उभा केला आणि १९९१च्या हंगामानंतर कायमचा गुंडाळला. रिकामं राहिलेलं हे अवाढव्य घर आपल्या फुटबॉलच्या वाट्याला आलं. बाकीच्या कॉलेजांत हा खेळ थोरल्या भावाच्या सावलीत वाढतो, इथे तो एकुलता एक आहे, आणि गावाने त्याचे तसेच लाड केले. १९९९ साली टिम व्हॉम स्टीग प्रशिक्षक झाले. २००४ला संघ अंतिम फेरीत इंडियानाकडून पेनल्टीवर हरला, २००६ला यूसीएलएला (लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला) २-१ने हरवून राष्ट्रीय विजेता झाला. पुढे २४ सप्टेंबर २०१० रोजी त्याच यूसीएलएविरुद्ध इथे १५,८९६ प्रेक्षक होते. साखळी फेरीतला, कॉलेजच्या आवारात झालेला कुठलाही सामना बघायला त्याआधी एवढी माणसं जमली नव्हती.

आम्ही गेलो त्या रात्री तेवढी गर्दी नव्हती, पण सामन्याच्या तासभर आधीपासून इस्ला व्हिस्टाकडून (आवाराला लागून असलेल्या विद्यार्थ्यांच्या वस्तीकडून) सायकलींचा लोंढा सुरू झाला होता. निळे चेहरे, निळे सदरे, एका सायकलवर दोघं. (या आवारात सायकलींना स्वतंत्र रस्ते आहेत आणि त्या जोरात येतात. मुलांचा हात धरूनच ओलांडा.) कॅल पॉलीचे हिरवे समर्थक शंभर मैलांवरून आलेले, त्यांचे ढोल कोपऱ्यात चालू. सोनेरी रंग दोघांचाही, त्यामुळे गर्दीत कोण कुणाचा हे निळ्या-हिरव्यावरूनच ओळखायचं.

आणि मग टॉर्टिया. इथे आनंद झाला की पोरं मैदानावर मक्या-मैद्याच्या पोळ्या भिरकावतात. विद्यापीठाची परवानगी नाही, दारावर पिशव्या तपासतात, तरी सदऱ्याखाली, मोज्यांत, टोपीत लपवून त्या आत येतातच. आमच्या पुढच्या रांगेतल्या मुलीने कॉर्नर मिळाल्याबरोबर जॅकेटची चेन खाली ओढली. आत पोळ्यांची चळत, एकीवर एक, प्लॅस्टिकसकट. चेंडू उडाला, निळ्या सदऱ्यातल्या उंच पोराने डोकं लावलं, जाळी हलली, आणि दिव्यांच्या झोतात पन्नास-शंभर पोळ्या गरगरत आडव्या निघाल्या. चांगली फेकलेली पोळी पार पेनल्टी बॉक्सपर्यंत जाते, वाकडी फेकलेली पुढच्याच्या मानेवर पडते. पंच खेळ थांबवतात, ध्वनिक्षेपकावरून विनंत्या होतात, चेंडू आणून देणारी मुलं धावत पोळ्या गोळा करतात आणि खेळ सुरू होतो.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला कडेला बसून ओरडत मोठा झालो, त्यामुळे पेठेची ईर्ष्या म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. परदेशात आल्यापासून मोठमोठ्या मैदानांवर सामने बघितले, पण तिथे प्रेक्षक गिऱ्हाईक असतो. हार्डरवर मात्र खेळाडू आणि ओरडणारी पोरं एकाच वर्गात बसणारी, एकाच मेसमध्ये जेवणारी. बॅकपासवर चुकलेल्या पोराला नावाने हाक मारून धीर देणारे त्याचे मित्र पंधरा फुटांवर असतात. ही जवळीक मला कोल्हापूर सोडल्यानंतर पहिल्यांदा इथे भेटली. नाद खुळा म्हणतात तो हाच.

बसायचं कुठे? विद्यार्थ्यांचा, म्हणजे ‘गाउचो लोकोस’चा भाग लांबून ऐकायला मजेचा, पण लहान मुलं बरोबर असतील तर तिथे नको. भाषा मोकाट असते आणि पोळ्याही. मध्यरेषेच्या जवळ, थोडं वर बसा. तिथून खेळ कळतो आणि उजेड असेपर्यंत उत्तरेचे सँटा इनेझचे डोंगरही दिसतात. बहुतेक ठिकाणी पाठ न टेकता येणारी बाकडी आहेत, घरून एखादी उशी न्या. समुद्र जवळ असल्याने सूर्य बुडाला की धुकं आणि गार वारा येतो. दुपारी टी-शर्टात फिरलेली माणसं आठ वाजता कुडकुडत असतात, तेव्हा जाड जॅकेट आणि मुलांना कानटोपी हवीच. बॅग शक्यतो नेऊच नका. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत फक्त पारदर्शक पिशवी चालते. पार्किंगला पैसे पडतात, ते फोनवरून भरता येतात. कॅल पॉलीच्या सामन्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, इतर दिवशी दारात मिळायला अडचण येऊ नये. जेवण मैदानावर नको. सामन्यानंतर इस्ला व्हिस्टात चालत जा. शाकाहारी माणसाला तिथे राजमा-भाताचा पोटभर बरिटो मिळतो आणि दुकानं उशिरापर्यंत चालू असतात.

परतताना रविवारी दुपारी सॅन लुइस ओबिस्पोला कॅल पॉलीच्या मुलींचा सामना बघितला. स्पॅनोस स्टेडियम ११,०७५ जणांचं, त्या दिवशी तुरळक माणसं, ऊन छान. गाउचोज इथे खेळायला येतात तेव्हा हेच मैदान भरलेलं बघायला मिळतं, म्हणून पुढच्या वेळी उलटी वारी करायचा विचार आहे. सामना संपल्यावर मुली कठड्यापाशी येऊन लहान मुलांच्या सदऱ्यांवर सह्या करतात. पेन तुम्ही न्या, त्यांच्याकडे नसतं.

गाडी चालवायची नसेल तर ॲमट्रॅकची कोस्ट स्टारलाइट सॅन होजेहून दोन्ही गावांना जाते, पण दिवसातून एकच आणि उशिरा धावण्याची तिला सवय. त्यामुळे सामन्याच्या दिवशी तिच्यावर विसंबू नका, आदल्या दिवशी पोहोचा. लॉस एंजेलिसकडून येणाऱ्यांना पॅसिफिक सर्फलायनर बरी, गोलेटाला थांबते. हंगाम ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबरात संपतो. वेळापत्रक उन्हाळ्यात लागतं, ते लागलं की सगळ्यात आधी निळा-हिरवा सामना कोणाच्या घरी आहे ते बघा आणि त्याच दिवशी मोटेल ठरवून टाका.