सायकल चालवायचे पैसे

स्मरणिका समितीने ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहायला सांगितलं आहे. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. गावात आले की लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत, पारावर तोच विचारला जातो: “काय वं, सायकल चालवाचे पैसे कोन देते तुले?”

मी माउंटन बाइकच्या, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवरच्या सायकल शर्यती खेळते. पैसे रेल्वे देते. क्रीडा कोट्यातून नोकरी लागली. पगार त्या नोकरीचा, आणि शिबिरं व स्पर्धांसाठी कार्यालय सोडतं. माझ्या ओळखीत माउंटन बाइकच्या शर्यतींवर ज्यांचं घर चालतं, ते बहुतेक असेच, नाहीतर सैन्यदलातले. बक्षिसाच्या रकमेतून टायर, चेन आणि कॅसेट (मागच्या चाकाची गिअरची चक्रं) निघाली तर ते वर्ष बरं गेलं म्हणायचं. युरोपात सायकली बनवणाऱ्या कंपन्याच संघ बाळगतात. खेळाडूला पगार, दिमतीला मेकॅनिक, कारण जिंकलेली सायकल लोक दुकानात जाऊन मागतात. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर असा जगला. दहा वेळा जगज्जेता, ऑलिम्पिकमध्ये 2008 ला कांस्य, 2012 ला रौप्य, 2016 ला सुवर्ण, आणि 2025 मध्ये निवृत्त. लंडनच्या 2012 च्या शर्यतीत दीड तास दगडधोंड्यांतून सायकल हाणल्यावर त्याचं सोनं एका सेकंदाने हुकलं होतं. हे मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “एका सेकंदानं? मंग त्याले झोप कशी लागली असन?”

आता शाळा. आठवीत मला सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली सायकल मिळाली. जवळच्या गावच्या मुलींना सायकल आणि लांबच्यांना एसटीची निळी बस, अशी ती योजना. सायकल लेडीज, जड, गिअर नाही, पुढे टोपली. आमच्या गावाहून शाळेला यायचे रस्ते दोन: डांबरीने लांबून, नाहीतर पांदणीने, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेने. उन्हाळ्यात पांदण सोपी. जुलै लागला की काळी माती चाकाला धरायची, मडगार्डमध्ये ठासून बसायची, चाक फिरणंच बंद. पऱ्हाटीची काडी घेऊन माती खरवडायची, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायची. शेवटी आईने पान्ह्याने दोन्ही मडगार्ड काढून घमेल्यात टाकले. प्रार्थनेला मी पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन उभी राहायची. वर्गशिक्षिका बाई रागवायच्या, पण मागच्या दाराने आत घ्यायच्या.

सत्कारात लोक भाषण करतात की पांदणीनेच हिला घडवलं. ऐकायला बरं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. पांदणीने पाय दिले आणि चिखलाची भीती घालवली. दगडांच्या राशीवरून चाक कुठे टाकायचं, पुरुषभर उंचीच्या पायरीवरून सायकलसकट खाली कसं उतरायचं, ओल्या मुळांवर ब्रेक का दाबायचा नाही, यातलं काही आपल्या सपाट वावरांत शिकायला मिळत नाही. युरोपातली पोरं ते सहाव्या-सातव्या वर्षी खेळता खेळता शिकतात. मी कॉलेजात गेल्यावर, हिमाचलच्या शिबिरात शिकले आणि कॉलरबोन मोडून घेतली. हा फरक जिद्दीने भरून निघतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्यासोबत यावं.

आपल्याकडे डोंगर नाही असं मात्र नाही. परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला चढणारा घाट आहे. वर सुमारे 1100 मीटर उंची, कॉफीचे मळे, गार वारा. पी.टी.चे सर रविवारी मला त्या घाटात न्यायचे. माउंटन बाइक त्यांनी तोवर पाहिली नव्हती. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत पोरगी रोडवर पुढे यावी एवढाच त्यांचा हिशोब. ते स्कूटरवर मागे, हातात घड्याळ आणि पिशवीत गूळ-शेंगदाणे. “भूक लागाच्या आंधी खाय,” हे एकच वाक्य ते घाटभर म्हणायचे. पुढे प्रशिक्षकांनी तेच मला तक्त्यावर आकडे मांडून शिकवलं. उजाडायच्या आत ते कधी निघाले नाहीत, कारण अस्वल. आणि जंगलातल्या पायवाटेवर चाक घालू दिलं नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे तो, सरावाचं मैदान नव्हे. आजही मी तिथे गेले की डांबरी घाट, तलावाचा बांध आणि पांदण यांवरच भागवते.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळायची. तोंड कडू होतं म्हणून पोरी ती खिडकीतून फेकायच्या, खिडकीखालची माती निळी दिसायची. विज्ञानाच्या बाई मात्र माझ्यासमोर उभ्या राहून गिळायला लावायच्या. रक्तात हिमोग्लोबिन कमी तर स्नायूंना ऑक्सिजन कमी, आणि चढावर पाय कितीही दांडगे असले तरी श्वास पुरत नाही. पहिल्या राष्ट्रीय शिबिरात रक्त तपासलं तेव्हा ज्या मुली परत पाठवल्या, त्यांतल्या कुणाचंही तंत्र माझ्यापेक्षा वाईट नव्हतं. शाळेने काय दिलं म्हणाल तर यादीत ही गोळी मी वर लिहीन.

शर्यत म्हणजे काय, तेही सांगते, कारण टीव्हीवर ती क्वचितच दिसते. ऑलिम्पिकमध्ये असते ती क्रॉस-कंट्री, पुरुष आणि महिला दोन्हींची, 1996 च्या अटलांटापासून. चार ते सहा किलोमीटरची फेरी, तीच पुन्हा पुन्हा, साधारण 80 ते 100 मिनिटं. सुरुवातीला रांगा लावतात. आधीच्या शर्यतींतले ज्याचे गुण जास्त तो पुढे, नवखा शेवटी. शंभर-दोनशे मीटरवर वाट एकदम एका सायकलीपुरती होते, आणि मागचे सगळे तिथे अडकतात, सायकल खांद्यावर घेऊन पळतात. तोवर पुढचे दिसेनासे झालेले असतात. त्यातून आणखी मागे पडलात, पहिला येऊन तुम्हाला एक फेरी गाठणार असं दिसलं, की पंच थांबवतात. निकालात नावापुढे लिहितात: दोन फेऱ्या कमी. परदेशातल्या पहिल्या शर्यतीत माझ्या नावापुढे तेच लिहिलं होतं. गावात बॅनर लागला होता, ‘आंतरराष्ट्रीय खेळाडूचे हार्दिक अभिनंदन’.

सायकलीबद्दल सर्वांत चांगला प्रश्न बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्या चाचांनी विचारला. अंगठ्याने टायर दाबून म्हणाले, “येवढी महागाची सायकल, न् हवा काहून कमी?” मी सांगितलं, वीस-बावीस पौंडच भरतात. रोडच्या रेसची सायकल ऐंशी-शंभरापर्यंत जाते, पण इथे टायरने दगडाच्या आकाराप्रमाणे दबायला हवं, तरच पकड मिळते. आत ट्यूब नाही, म्हणून ती दगडात चिमटून फुटायचा प्रश्न नाही. आत असतं रुईच्या चिकासारखं पांढरं पाणी. चाचांनी विश्वास ठेवला नाही. बाभळीचा काटा आणला आणि मला न विचारता टायरमध्ये खुपसला. काटा ओढला, पांढरा फेस आला, चाक दोन वेळा फिरवलं, फेस थांबला. चाचा बराच वेळ टायरकडे बघत राहिले. “मंग आमचा धंदा बुडला म्हना,” म्हणाले.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये माउंटन बाइकची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली. मी प्रेक्षक म्हणून गेले होते. पॅरिस ऑलिम्पिकच्या पात्रतेचा मार्ग तिथून जात होता. चीन आणि जपानच्या मुली दगडांवरून अशा उतरत होत्या की ब्रेकचा आवाजही येत नव्हता. माउंटन बाइकच्या ऑलिम्पिक शर्यतीत अजून एकही भारतीय उतरलेला नाही, आणि ती पहिली मी असणार नाही, हे मला तिथे उभ्याउभ्याच कळलं. वाईट वाटलं, पण फार नाही. टोकियोत महिलांची तिन्ही पदकं स्वित्झर्लंडने नेली होती. तिथे पोरींना लहानपणीच डोंगर आणि सायकल दोन्ही मिळतात. आपल्याकडे निदान सायकल लवकर मिळावी.

म्हणून समितीच्या ‘विद्यार्थ्यांना संदेश’ या रकान्यात मी एवढंच लिहिते. माझी जुनी ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढेच शॉकअप असलेली माउंटन बाइक, शाळेला दिली आहे. किल्ली पी.टी.च्या खोलीत आहे. आठवी ते दहावीच्या मुलींनी आधी न्यावी, मुलांनी नंतर. शाळेमागच्या नाल्याच्या काठाला सुटीत आम्ही काही दगड रचून ठेवलेत, ते बांधकामाला नेऊ नयेत. आणि हेल्मेट डोक्याप्रमाणे लहानमोठं करता येतं, मागची चकती फिरवा. ते घातल्याशिवाय सायकल द्यायची नाही, असं सरांना सांगून ठेवलं आहे.