सभाधीट

परवा दुपारी जेवून जरा आडवा होतोय, तोच वरच्या मजल्यावरून खणखणीत आवाज आला, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो!" म्हणजे १ ऑगस्ट जवळ आला. टिळक जाऊन शंभर वर्षं उलटली, पण पाठांतराचा हंगाम काही चुकत नाही.

आमच्या वेळी भाषण आई वहीच्या पानावर लिहून द्यायची. ते घोटून व्हायचं; पण उभं राहिलं की हातांचं काय करायचं, हा खरा प्रश्न. बाई म्हणायच्या, चड्डीच्या शिवणीला चिकटव. मग सगळं लक्ष शिवणीकडे. २३ जुलै १८५६ म्हणताना जीभ टाळूला चिकटायची, टरफलांपाशी आलं की गाडी सुटायची आणि 'जय हिंद, जय महाराष्ट्र' तर जागेवर परत येता येता उरकायचं.

"समोर कोबीचे गड्डे मांडलेत असं समजायचं," हा सल्ला ज्याने कोणी काढला, त्याला एकदा माझ्या वर्गासमोर उभं करायला हवं होतं. कोबी फिदीफिदी हसत नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळींनी 'वक्तृत्वोत्तेजक सभा' काढली, १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यातून पुणेकरांना ऐकण्याचंच उत्तेजन जास्त मिळालं असावं.

गांधीजींचं मला म्हणूनच फार बरं वाटतं. बॅरिस्टर होऊन आले, मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात तीस रुपये फी घेऊन पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले, फी परत केली. पुढे १८९३ मध्ये प्रिटोरियाला हेच गृहस्थ तिथल्या हिंदी लोकांना जमवून भाषण करतात. त्याआधी मारित्झबर्गला त्यांना गाडीतून उतरवलेलं, पुढे घोडागाडीत मारही खाल्लेला. त्या बैठकीत ते बोलले व्यापारातल्या खरेपणाबद्दल, ते असो. पण पोटात काही साचलेलं असलं की जीभ सैल होते, असं आपलं माझं मत.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. नातीच्या बारशाला 'दोन शब्द बोला' म्हटल्यावर पाणी प्यायला म्हणून गेले, ते जेवणाची पानं वाढल्यावरच उगवले. गेल्या वार्षिक सभेत टँकरच्या बिलांचा विषय निघाला आणि काका उठले. माइक नाही, कागद नाही. कुठल्या महिन्यात किती टँकर, कुठल्या पावतीवर सही नाही, टाकी भरून वाहत होती तेव्हा वॉचमन कुठे होता, सगळं तोंडपाठ. हात? एक कमरेवर, दुसरा थेट खजिनदाराच्या नाकासमोर. सभा चिडीचूप.

चहाच्या वेळी सगळ्यांनी गळ घातली, काका, यंदा सेक्रेटरी तुम्हीच व्हा.

"छे हो," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "मला चारचौघांत बोलता येत नाही."