तुम्ही विचारलंत म्हणून: सुतारकाम शिकतेस, मग सारखी दगडावरच काय घासत बसतेस?

हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या सोलापूरच्या मावशीने व्हिडिओ कॉलवर विचारला आणि आता मी कुठेही फोटो टाकला की कोणी ना कोणी विचारतंच. म्हणजे चार वर्षं झाली, जपानमध्ये कोबेला दर शनिवारी सुतारकाम शिकायला जातेस ना, मग बघावं तेव्हा समोर पाण्यात भिजवलेला दगड आणि हातात पातं, टेबल-खुर्ची कुठे आहे? तर एकदा नीट सांगते.

जपानी रंध्याला कान्ना म्हणतात. आपला रंधा पुढे ढकलतो, हा स्वतःकडे ओढायचा. ओकच्या लाकडाचा एक साधा ठोकळा, त्यात तिरकी खाच आणि त्या खाचेत एक जाडजूड पातं, बस. मूठ नाही, स्क्रू नाही. माझा पहिला कान्ना मी मिकीहून आणला, कोबेच्या डोंगरापलीकडचं गाव आहे, हत्यारांसाठी प्रसिद्ध. १५७८ ते १५८० हिदेयोशी नावाच्या सरदाराने तिथल्या किल्ल्याला वेढा घातला, गाव उद्ध्वस्त झालं, मग ते परत उभारायला सुतार आले आणि सुतारांच्या मागोमाग लोहार, आणि लोहारांच्या भट्ट्या आजही तिथे चालू आहेत.

तर घरी आणून पातं बसवायला गेले आणि ते अर्ध्यातच अडकलं. मला वाटलं पीस खराब आला. माझ्या सेन्सेईंना, म्हणजे गुरुजींना दाखवला, ते ऐंशीच्या घरातले रिटायर्ड सुतार आहेत, तर ते म्हणाले की बरोबर आहे, जायलाच नको. पातं वरच्या बाजूला जाड आणि धारेकडे पातळ असतं, पाचरीसारखं, आणि ते नुसतं खाचेच्या घट्टपणावर उभं राहतं. म्हणून खाच मुद्दाम घट्ट ठेवतात आणि ती आपल्या पात्याच्या मापाने, आपल्या हाताने बसवून घ्यायची. पात्याच्या पाठीला पेन्सिलीचं शिसं चोळायचं, हलकेच ठोकून आत घालायचं, बाहेर काढायचं, लाकडावर जिथे काळा डाग उठला तिथे पटाशीने केसभर तासायचं, परत घालायचं, परत काढायचं. केसभराच्या जागी दोन केस गेले तर पातं ढिलं होतं आणि मग खाचेत कागद चिकटवावा लागतो. मला पाच शनिवार लागले. त्या पाच शनिवारात मी लाकडाची एक फळीसुद्धा तासली नाही, पण ती खाच कशी आहे हे मला डोळे मिटून सांगता येईल.

बरं एवढ्यावर संपत नाही. रंध्याचा तळ सपाट असेल असं आपल्याला वाटतं, तो नसतो. तो टेकतो फक्त पुढच्या टोकाला आणि पात्याच्या तोंडाशी, मधला भाग अगदी किंचित खरवडून खोलगट केलेला असतो, कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. आणि जूनमध्ये इथला त्सुयु, म्हणजे पावसाळी दिवस सुरू झाले की ठोकळा हवेतली ओल पितो, फुगतो, वाकतो, आणि परत तळ नीट करावा लागतो. दरवर्षी. म्हणून मला ते 'हत्यार विकत घेतलं' हे वाक्यच आता पटत नाही. दुकानातून जे येतं ते अर्धंच असतं, बाकीचं अर्धं वापरणाऱ्याने करायचं असतं, आणि ते करताकरताच तो शिकतो.

आता पातं. ते एका लोखंडाचं नसतं. धारेच्या बाजूला कडक पोलादाचा पातळ थर आणि त्याच्या मागे मऊ लोखंड, दोन्ही भट्टीत तापवून ठोकून एकजीव केलेली. सगळंच कडक असतं तर दगडावर घासून जीव गेला असता. मऊ लोखंड हादरा सोसतं आणि दगडावर पटकन झिजतं. त्यासाठी जुन्या जहाजांचे नांगर, जाड साखळ्या असलं लोखंड लोहार जपून ठेवतात. पात्याच्या पोलादी बाजूला उथळ खोलगा असतो, त्याला उरा म्हणतात, आणि धारेला लागून फक्त एक बारीक सपाट पट्टी. धार लावून लावून ती पट्टी संपत येते. मग उलट्या बाजूने, मऊ लोखंडावर, हातोडीच्या कोपऱ्याने बारीक बारीक टोले मारून पोलाद हळूच पुढे काढायचं, म्हणजे ते दगडाला परत टेकतं. टोला जरा धारेजवळ पडला की पोलाद तडकलं. माझं तडकलं. दुसऱ्या वर्षी, टक् असा बारीक आवाज आला आणि मला लगेच कळलं. मी रडले खरंच. सेन्सेई काही बोलले नाहीत, त्यांनी आपली एक पटाशी आणून माझ्या हातात दिली. धार लावून लावून तिचं पातं माझ्या अंगठ्याएवढं उरलं होतं. आधी त्यांचे गुरू वापरायचे ती, आणि अजून सेन्सेई बारीक कामाला तीच घेतात.

पात्यांचा इतिहास मला फार आवडतो. १८७६ मध्ये सरकारने तलवार लावून फिरायला बंदी केली आणि तलवारी घडवणाऱ्यांचं काम बसलं, त्यातले काही हत्यारांकडे वळले. चियोझुरु कोरेहिदे (१८७४ ते १९५७) तलवारवाल्या घराण्यातलेच, त्यांनी आयुष्यभर रंध्याची पाती घडवली आणि आज ती लोक म्युझियममध्ये जाऊन बघतात. कोबेला आलात तर शिन-कोबे स्टेशनजवळचं ताकेनाका हे सुतारी हत्यारांचं म्युझियम चुकवू नका. १९४३ च्या एका पाहणीत एका सुताराची पूर्ण हत्यारं १७९ भरली होती, ती यादी ऐकून मी थक्क झाले, नुसत्या पटाश्याच किती!

करवतीचं मात्र थोडक्यात. तीही ओढूनच कापते, त्यामुळे पातं पातळ चालतं. दात परत कानस मारून धारदार करणारे कारागीर कमी उरलेत, आणि माझ्याकडे बदलत्या पात्याची करवत आहे. ते दात इतके कडक असतात की कानस लागतच नाही, बोथट झालं की टाकायचं. कापते छान, पण तिच्याशी माझं नातं जुळलेलं नाही.

आता एवढी धार कशासाठी? इथे रंधा मारण्याच्या स्पर्धा होतात, १० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा पातळ पापुद्रा काढतात लोक, पलीकडचं दिसतं त्यातून. बघायला सुंदरच. पण सेन्सेई म्हणतात पापुद्रा केरात जातो, मागे फळी राहते, तू फळी बघ, आणि मलाही तेच पटतं. सँडपेपर लाकडाला ओरखडतो, धारदार रंधा कापतो. कापलेल्या लाकडावर पाण्याचा थेंब बराच वेळ तसाच उभा राहतो, तेल नाही, पॉलिश नाही तरी. होर्यूजी या जुन्या बौद्ध मंदिराचे सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८ ते १९९५) यांनी तर यारीगान्ना नावाचं भाल्यासारखं, वापरातून गेलेलं जुनं हत्यार परत घडवून घेतलं, कारण जुन्या खांबांवर त्याच्याच खुणा होत्या. १९८१ मध्ये याकुशीजी मंदिराचा पश्चिम पॅगोडा परत उभा राहिला तो त्यांच्याच हाताखाली.

मावशी, तुझ्या अंगणात तो सुतार बसायचा आठवतं का, पायाच्या अंगठ्यांमध्ये लाकूड धरून वाकसाने तासायचा, आणि खंडेनवमीला त्याची हत्यारं हळदकुंकू लावून पाटावर मांडलेली असायची? आम्हा पोरांना हात लावू द्यायचा नाही. तेव्हा राग यायचा.

आणि टेबल-खुर्ची नाही, पण तुझ्यासाठी पाट केलाय, हिनोकीचा, म्हणजे जपानी सायप्रसचा, वास येतो छान. कुठेही सँडपेपर लावलेला नाही. गणपतीला येताना आणते. कृपा करून त्याला पॉलिश मारू नकोस, आधी त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघ.