बॉब कॉबिंग यांचा आवाज

रविवार, रात्र.

ब्रिटनमधील प्रयोगशील कवितेचे वाचन सुरू असताना आज दुपारी बॉब कॉबिंग यांच्या ध्वनिकवितांची जुनी ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकली. १९६५ सालच्या ‘एबीसी इन साउंड’मध्ये त्यांनी इंग्रजी मुळाक्षरे एकेक करून घेतली आणि प्रत्येक अक्षराभोवती नादाची एक रचना उभी केली. छापील पानावर ती पाहिली तर काही शब्द, काही निरर्थक आवाज आणि पुष्कळशी पुनरावृत्ती एवढेच दिसते. कॉबिंग यांच्या खर्जातल्या, घशातून खरवडून निघणाऱ्या आवाजात ती ऐकली की मात्र श्वास, ओठ आणि जीभ यांचे काम हाच त्या कवितेचा आशय आहे, हे पटते. अशा कवितेला दुर्बोध म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ‘हिचा अर्थ काय’ या प्रश्नाआधी ‘ही म्हणायची कशी’ हा प्रश्न ती वाचकापुढे ठेवते आणि त्याचे उत्तर वाचकाला स्वतःच्या कंठानेच द्यावे लागते.

याहून अधिक मी रेंगाळले ती त्यांच्या दृश्यकवितांपाशी, म्हणजे कागदावर आकृती म्हणून पाहायच्या कवितांपाशी. कॉबिंग यांनी ‘रायटर्स फोरम’ हे प्रकाशन चालवले आणि २००२ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यातून हजाराहून अधिक पुस्तके व पुस्तिका निघाल्या. यांपैकी कितीतरी साध्या सायक्लोस्टाइल यंत्रावर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या यंत्रावर, काढलेल्या होत्या. शाई जास्त झाली, स्टेन्सिल सरकले, एकाच कागदावर दुसऱ्यांदा छपाई झाली, की एरवी तो कागद टाकून दिला जातो. कॉबिंग यांनी अशाच खुणांतून कविता घडवल्या आणि मग तो शाईचा डाग समोर धरून, गायकाने स्वरलिपी वाचावी तसा, तो श्रोत्यांपुढे म्हणून दाखवला. आपल्याकडेही लघुनियतकालिकांच्या काळात सायक्लोस्टाइलने मोलाचे काम केले, परंतु तिथे ते मुख्यतः परवडणारे साधन होते. यंत्राला रचनेतच सहभागी करून घेण्याचे कॉबिंग यांचे हे धाडस मला म्हणूनच फार मोठे वाटते.

कॉबिंग यांच्यासारख्या प्रयोगशील कवींना प्रस्थापित संस्थेत जागा मिळाली ती थोडाच काळ. एरिक मॉट्रम १९७१ ते १९७७ या काळात ‘पोएट्री रिव्ह्यू’चे संपादक होते आणि पोएट्री सोसायटीच्या त्या मुखपत्रात त्यांनी प्रयोगशील कवींना, तसेच अमेरिकन कवितेला, मोकळेपणाने स्थान दिले. लंडनच्या अर्ल्स कोर्ट स्क्वेअरमधील सोसायटीच्या इमारतीत तेव्हा छपाईची सोयही होती. अनुदान देणाऱ्या आर्ट्स कौन्सिलशी आणि परंपरेच्या बाजूच्या सभासदांशी संघर्ष वाढत गेला, अखेर १९७७ मध्ये प्रयोगशील कवींच्या गटाने राजीनामे दिले आणि पुढे ही कविता पुन्हा छोट्या प्रकाशनांकडे व पबमधल्या वाचनांकडे वळली. या हकिकतीत दोन्ही बाजूंचे दोष दाखवता येतील. तरीही एका देशाच्या कवितेतील इतका जिवंत प्रवाह त्याच्याच मुख्य संस्थेबाहेर जावा, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

केंब्रिजचे जे. एच. प्रिन हे याच काळातले, पण त्यांचा मार्ग सर्वस्वी वेगळा. भूविज्ञान, अर्थव्यवहार, वैद्यक यांच्या परिभाषा एकाच ओळीत दाटीवाटीने आणणारी त्यांची कविता मी आदराने वाचते, मात्र तिच्यावर लिहिण्याइतकी ती अद्याप माझ्यात मुरलेली नाही.

कॉबिंग यांच्यासोबत काम केलेल्या मॅगी ओ’सलिव्हन यांनी १९९६ साली ‘आउट ऑफ एव्हरीव्हेअर’ हे संकलन संपादित केले. त्यात ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेतील केवळ स्त्रियांची प्रयोगशील कविता आहे. या चळवळीच्या सुरुवातीच्या इतिहासात पुरुषांचीच नावे किती आहेत हे लक्षात घेतले की या संपादनाचे महत्त्व कळते. त्या संकलनातल्या कॅरोलिन बर्गव्हॉल यांची पुढची एक कृती मला विलक्षण वाटते. इटालियन महाकवी दान्तेच्या ‘इन्फर्नो’च्या पहिल्या तीन ओळींची ब्रिटिश लायब्ररीत असलेली इंग्रजी भाषांतरे त्यांनी जमवली आणि ती, प्रत्येकाच्या शेवटी भाषांतरकाराचे नाव व वर्ष देत, वर्णक्रमाने मांडली. स्वतःची एकही ओळ त्यांनी त्यात घातली नाही. आयुष्याच्या मध्यावर अंधाऱ्या अरण्यात वाट चुकलेला तो माणूस त्यांच्या संथ, सम आवाजात पुन्हा पुन्हा तिथेच उभा राहतो. वर्णक्रमामुळे एकोणिसाव्या शतकातले भाषांतर विसाव्या शतकातल्या भाषांतराला खेटून येते, काळाचा क्रम मोडतो, आणि कोणत्याही भाषांतरकाराला अरण्यातून पुढे जाता येत नाही. वाङ्मयचौर्याचा आक्षेप इथे गैरलागू आहे, कारण निवड, क्रम आणि उच्चार ही तीन कामे कवीनेच केलेली आहेत आणि ती तिने उघडपणे, प्रत्येकाचे श्रेय देऊन केलेली आहेत.