चार आणि थोडं वर

जुनी गाडी दिसली की लोक आधी बॉनेट उघडायला सांगतात. क्रोमच्या ग्रिलवर हात फिरवतात, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर पाहून "अरे, हा तर आपल्या टॅक्सीचा!" म्हणत खूश होतात, फोटो काढतात. गाडीच्या मागे जाऊन, गुडघे टेकून खाली डोकावणारा मात्र मला अजून भेटायचाय. तिथे बघण्यासारखं असतं तरी काय म्हणा! दोन चाकांमधला आडवा लोखंडी नळ, म्हणजे ॲक्सल, मधोमध कलिंगडाएवढा फुगवटा आणि त्यावर तेलाधुळीचं काळं पुट. पण गाडीचा स्वभाव ठरतो तो तिथेच. ती घाट चढताना कुरकुर करणार की सपाटीवर दमणार, हे इंजिनाइतकंच तो फुगवटा ठरवतो.

माझी फियाट म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसीची. चाळीसच्या पुढे गेली की मागून हुंकार यायचा, पाय उचलला की गप्प. यात एक खूण असते. गाडी ओढली जाते तेव्हा गिअरच्या दातांची एक बाजू दाबली जाते आणि पाय सोडून गाडी नुसती घरंगळते तेव्हा दुसरी. हुंकार फक्त ओढताना येत असेल तर झिजलेली बाजू कुठली हे न उघडताही कळतं. मेकॅनिकने तेवढंही ऐकून घेतलं नाही. "क्राऊन-पिनियन गया," म्हणाला आणि मला कुर्ल्याला सीएसटी रोडवर पाठवलं. क्राऊन म्हणजे त्या फुगवट्यातलं मोठं दातेरी चाक आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं छोटं. तिथे लोखंडाच्या ढिगाआडून दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "कितने दांत का?"

आता हे सांगायचं कसं? आरसी बुकात इंजिनाचा नंबर आहे, चासीचा आहे, रंगसुद्धा आहे. मागच्या ॲक्सलबद्दल अक्षर नाही. मॅन्युअल सांगतं ते गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसापुरतं. त्यानंतर ती मुंबईत राहिली, हे मॅन्युअलला काय ठाऊक! इथे पावसाळ्यात गाड्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहतात, ॲक्सलमध्ये पाणी शिरतं, तेल पांढरट होतं, बेअरिंग जातात. मग कुणीतरी भंगारातल्या टॅक्सीचा अख्खा ॲक्सल आणून बसवतो, कारण नवीन क्राऊन-पिनियन बसवून त्याचं अंतर जुळवत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळे रस्त्यावरून गेली, तेव्हा लोकांनी हळहळून निरोप दिला. मला खात्री आहे, त्या काळ्या-पिवळ्या गाड्यांची निम्मी हाडं आज आमच्यासारख्यांच्या पांढऱ्या-निळ्या फियाटींखाली फिरताहेत.

जीपवाल्यांचं त्या मानाने बरं असतं. विलिस जीपच्या स्पायसर कंपनीच्या ॲक्सलला मागच्या झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असायची आणि तिच्यावर दातांचे आकडे ठोकलेले असायचे. 43 आणि 8 असतील तर भागाकार 5.38, म्हणजे क्राऊनच्या एका फेरीला पिनियनच्या तेवढ्या फेऱ्या. हाच रेशो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला 39 आणि 8, म्हणजे 4.88. पुढे महिंद्रांनी इथे बनवलेल्या सीजे-थ्रीबीला 5.38. दोन्ही आकड्यांचे ॲक्सल एकाच जीपखाली आले, एक पुढे आणि एक मागे, तर फोर-व्हील लावताच कोरड्या रस्त्यावर पुढची नि मागची चाकं एकमेकांशी भांडायला लागतात. आता गंमत अशी की ती पट्टी बहुतेकदा पहिल्यांदा झाकण उघडतानाच हरवते. मेकॅनिक बोल्ट परत लावतो, पट्टी लावत नाही. कधीच.

फियाटच्या हौसिंगवर, म्हणजे त्या फुगवट्याच्या कवचावर, मी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. पुट निघालं, खाली पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेला अर्धवट आकडा दिसला, भंगारवाले काढतात तसा. म्हणजे माझा ॲक्सलही कुठून तरी आलेला होता. आकडा कशाचा हे त्यावरून कळेना. तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सोसायटीत कुणाचंही बॉनेट उघडलं की त्यांना खिडकीतून वास येतो.

"खोलायचं कशाला? मोज की," म्हणाले.

पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागचं एक चाक जॅकवर उचलून ॲक्सलखाली घोडी दिली, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. चाकावर खडूची एक रेघ, गिअरबॉक्सपासून मागे पिनियनपर्यंत येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर दुसरी. मी चाक फिरवायचं आणि काकांनी सतरंजीवर आडवं होऊन शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. चाकाची एक फेरी झाली, शाफ्टच्या जेमतेम सव्वादोन. इतका कमी रेशो कुठल्या फियाटला असणार? काका खालूनच म्हणाले, "अरे, दुसरं चाक जमिनीवर आहे ना? एक थांबलं की दुसऱ्याला दोघांच्या वाटच्या फेऱ्या माराव्या लागतात. दोनदा फिरव, म्हणजे क्राऊनची एक झाली."

दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचं सगळं गणित या वाक्यात आलं. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला असतो आणि आतल्याला जवळचा. एकाच दांड्यावर दोन्ही घट्ट बसवली तर टायर रस्त्यावर घासत जातील. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी 1827 मध्ये याचं पेटंट घेतलं. दोन चाकांच्या फेऱ्यांची बेरीज नेहमी क्राऊनच्या फेऱ्यांच्या दुप्पट, एवढाच त्याचा नियम. वाटणी कशीही होवो, बेरीज चुकत नाही.

तर चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्टच्या चार आणि थोडं वर. या 'थोडं वर'वरच सगळी मेख असते. ते 4.3 असेल, 4.33 असेल किंवा 4.37. म्हणून काकांनी चाक वीसदा, म्हणजे क्राऊन दहादा, फिरवायला लावलं. 35 आणि 8 चा जोड असता तर शाफ्टच्या पावणेचव्वेचाळीस फेऱ्या भरल्या असत्या. 39 आणि 9 असता तर त्रेचाळीस आणि एक तृतीयांश. पण विसाव्या फेरीला खडूची रेघ निघाली तिथेच परत आली. बरोबर त्रेचाळीस. दहा दात पिनियनला, त्रेचाळीस क्राऊनला.

39 आणि 9 वर माझा तसाही विश्वास नव्हता. दोन्हींना तीनने भाग जातो, त्यामुळे पिनियनचा एक दात क्राऊनच्या ठरावीक तेराच दातांना आयुष्यभर भेटत राहतो. त्या दाताला खरचटलेलं असेल तर त्या तेरांचंच नशीब फुटतं. 43 आणि 10 चं तसं नाही. एकदा भेटलेली जोडी परत भेटायला पिनियनला त्रेचाळीस फेऱ्या लागतात आणि तोवर प्रत्येक दात समोरच्या प्रत्येकाला भेटून आलेला असतो. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. गिअर आखणारे असे आडनिडे आकडे मुद्दाम निवडतात. आम्ही कंपाउंडमध्ये मोजत होतो तेवढ्यात ती एक अख्खी प्रदक्षिणा पुरी झाली होती.

एका मित्राचं म्हणणं, आता ॲक्सल उघडणारच आहेस तर 3.9 चा जोड टाक, एक्सप्रेसवेवर इंजिन निवांत चालेल. आकड्यात ते खरं आहे. माझ्या चाकाचा घेर जमिनीवर खुणा करून मोजला, तो 1.85 मीटरच्या आसपास भरतो. चौथा गिअर थेट असल्यामुळे ऐंशीच्या वेगाला 4.3 वर इंजिन मिनिटाला साधारण 3100 फेऱ्या मारतं आणि 3.9 वर 2800. पण ही गाडी महिन्यातून कितीदा एक्सप्रेसवेवर जाते? तिचं आयुष्य सायनच्या सिग्नलला, पुलाच्या चढावर अर्ध्यात थांबण्यात आणि दुसऱ्या गिअरमध्ये ढकलगाडी चालवण्यात जातं. तिथे तीनशे फेऱ्या वाचवण्यापेक्षा क्लच वाचवणं महत्त्वाचं. बोरघाटात वर बघत तिसऱ्याचा दुसरा करणारे 3.9 वाले मी पाहिलेत. मुंबईच्या गाडीला खालचा, म्हणजे मोठ्या आकड्याचा, गिअरच लाभतो. माझा 4.3 राहणार.

कुर्ल्याच्या दुकानदाराने दोन जोड काढून ठेवलेत. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. पहिल्या जोडाचे नंबर जुळतात. दुसऱ्याचे जुळत नाहीत, पण तो निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. काका म्हणतात, फुकट दिला तरी उचलू नकोस, हुंकाराचा गोंगाट होईल.